विम्यातले कुटुंब आणि घरातले कुटुंब

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे नवी दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आज मला दिलेला विषय 'कुटुंबांचे आरोग्य विमा संरक्षण आणि सुधारणांचे परिणाम' असा आहे. विषय विस्तृत आहे. मी मात्र त्यातील एकाच शब्दावर अधिक वेळ घेणार आहे. तो शब्द म्हणजे 'कुटुंब'. योजनांची नावे, त्यांची वर्षे आणि विम्याच्या रकमा तुम्ही पाठ केलेल्या असतातच. परंतु एखादी योजना कुटुंब कोणाला म्हणते हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, आणि रुग्णालयाच्या खिडकीशी नेमका तोच निर्णायक ठरतो.

२०२३ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. राजेंद्र नगरमध्ये भाड्याच्या खोलीत राहून परीक्षेची तयारी करणारा, माझ्या परिचयातील सव्वीस वर्षांचा एक विद्यार्थी डेंग्यूने आजारी पडला. लातूरकडचा मुलगा. वडिलांनी अकरा वर्षे न चुकता कौटुंबिक पॉलिसीचा हप्ता भरला होता. दाखल होताना त्याने विश्वासाने पॉलिसीचा क्रमांक दिला. तासाभराने कळले की पंचविसावे वर्ष पूर्ण झाल्यानंतरच्या नूतनीकरणात त्याचे नाव वगळले गेले होते. नियम पॉलिसीत छापलेला होता, तो कोणी वाचलेला नव्हता. अनामत रक्कम मित्रांनी गोळा केली, उरलेले पैसे वडिलांनी गावच्या पतसंस्थेतून कर्जाने आणले. मुलाचे उत्पन्न शून्य होते, तो वडिलांवर पूर्णपणे अवलंबून होता. घराच्या दृष्टीने तो कुटुंबातच होता. विम्याच्या दृष्टीने तो कुटुंबाबाहेर गेला होता. तुमच्यापैकी अनेकजण आज याच वयाचे आहात.

ही विसंगती नवी नाही. आपल्या सामाजिक विम्याचा प्रारंभ कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ पासून होतो, आणि प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली या दोन ठिकाणी सुरू झाली. म्हणजे दिल्ली ही या प्रयोगाची जन्मभूमी आहे. या अधिनियमात कुटुंबाची व्याख्या कलम २ मध्ये होती: पती वा पत्नी, अवलंबून असलेली अज्ञान मुले, शिक्षण घेणारे मूल वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, अविवाहित मुलगी आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले अवलंबित आईवडील. २०१० च्या दुरुस्तीने त्यात एक तरतूद वाढली. विमाधारक अविवाहित असेल आणि त्याचे आईवडील हयात नसतील, तर त्याच्यावर अवलंबून असलेली अज्ञान भावंडेही कुटुंबात आली. या वाक्यामागे कारखान्यात नोकरी करून धाकट्या भावंडांना वाढवणारी किती तरुण माणसे उभी आहेत, याची कल्पना करून पाहा. आज या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या संहितेने महिला कर्मचाऱ्याच्या अवलंबित सासूसासऱ्यांनाही व्याख्येत घेतले. शिक्षणासाठीची एकविसाव्या वर्षाची मर्यादा मात्र तशीच राहिली.

केंद्र सरकारी आरोग्य योजना १९५४ मध्ये सुरू झाली, तीही दिल्लीतच. तेथे मुलगा कमावता होईपर्यंत, विवाह होईपर्यंत किंवा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर लाभार्थी असतो. मुलीला वयाची अट नाही, विवाह आणि कमाई या दोनच अटी आहेत. एकाच देशात, एकाच काळात, अवलंबित मुलाचे वय एका योजनेत एकवीस आणि दुसऱ्या योजनेत पंचवीस आहे. यामागे वैद्यकीय कारण नाही. घर कसे चालते याविषयी त्या त्या काळच्या प्रशासनाने केलेले ते गृहीतक आहे, आणि पदवीनंतर पाच-सहा वर्षे शिकत वा तयारी करत राहणारा तरुण त्या गृहीतकात कोठेच नव्हता.

संघटित क्षेत्राबाहेरच्या कुटुंबांकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष गेले ते राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने. तिची अंमलबजावणी १ एप्रिल २००८ पासून सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे आंतररुग्ण संरक्षण, नोंदणी शुल्क ३० रुपये, हाती स्मार्ट कार्ड, आणि हप्त्याचा भार केंद्र व राज्य यांच्यात सर्वसाधारणपणे ७५ : २५ या प्रमाणात. आधीपासून असलेले आजारही तिने वगळले नाहीत, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. परंतु कार्डावर जास्तीत जास्त पाच व्यक्ती: कुटुंबप्रमुख, जोडीदार आणि तीन अवलंबित. गरीब कुटुंबात सहावी व्यक्ती असतेच. मग नोंदणीच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या कुटुंबप्रमुखाला त्या क्षणी ठरवावे लागे की म्हातारी आई सोडायची की चौथे मूल. विमाशास्त्रात याला नाव नाही, पण घराघरांत ही निवड झाली.

म्हणून २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सुधारणा पाच लाख रुपयांची नव्हती. कुटुंबाच्या आकारावरील, वयावरील आणि लिंगावरील मर्यादा काढून टाकणे ही ती सुधारणा होती. रकमेच्या गाजावाजात हे कलम झाकले गेले. लाभार्थी कुटुंबे मात्र २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवरून निवडली गेली. ग्रामीण भागात वंचिततेचे निकष आणि शहरी भागात कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर यांसारखे व्यवसायगट. यादी २०११ ची आणि योजना २०१८ ची, असे हे सात वर्षांचे अंतर होते. तेवढ्या काळात मुली सासरी जातात, मुले जन्मतात, घरे विभक्त होतात आणि गावचा शेतमजूर फरिदाबादच्या कारखान्यात येऊन पोहोचतो. जन्मलेल्या मुलाचे आणि नवविवाहित सुनेचे नाव जोडण्याची सोय आहे, पण त्यासाठी कागद लागतात. नोंदींच्या दर्जाबाबत नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातील एकच बाब सांगतो: सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले, आणि तो क्रमांक होता दहा वेळा नऊ.

आता आपण ज्या प्रदेशात बसलो आहोत त्याकडे वळू. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हा एकच श्रमबाजार आहे, पण त्यावर दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान अशा चार सरकारांची आरोग्य धोरणे चालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ज्या कुटुंबांत किमान एका सदस्याला कोणत्याही प्रकारचे आरोग्य विमा संरक्षण आहे अशांचे प्रमाण राजस्थानात ८८ टक्क्यांच्या आसपास होते. दिल्ली आणि हरियाणात ते साधारण चौथ्या हिश्श्याइतके होते, उत्तर प्रदेशात १६ टक्क्यांच्या जवळपास. देशाचा आकडा ४१ टक्के. परीक्षेत हा आकडा लिहिताना 'किमान एका सदस्याला' हे शब्द गाळू नका. सहा जणांच्या घरात एकट्या वडिलांना कारखान्यातून संरक्षण असेल, तरी ते कुटुंब या आकड्यात 'संरक्षित' असते.

दिल्ली सरकार या केंद्रीय योजनेत दीर्घकाळ सहभागी नव्हते. ५ एप्रिल २०२५ रोजी सामंजस्य करार झाला आणि केंद्राच्या पाच लाखांवर दिल्ली सरकारने आणखी पाच लाखांची भर घातली. हरियाणाने २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला. 'परिवार पहचान पत्र' या आपल्या नोंदणीच्या आधारे वार्षिक १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना योजनेत घेतले. महाराष्ट्राचा प्रवास याहून जुना. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि जुलै २०२४ पासून तिचे छत्र शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना, प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत, देण्यात आले. येथेही 'कुटुंब' येते ते शिधापत्रिकेवरून. शिवाय एक भेद लक्षात ठेवा. केंद्राच्या यादीतील कुटुंबाला देशभरातील संलग्न रुग्णालयांत उपचार घेता येतात. राज्याने स्वतःच्या निधीतून वाढवलेले छत्र मुख्यतः राज्यापुरते असते. दिल्लीत राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा भेद केवळ उत्तरपत्रिकेपुरता नाही.

खासगी विम्याकडे येऊ. १९८६ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी मेडिक्लेम आणली, १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण वैधानिक झाले आणि २००० पासून खासगी कंपन्या आल्या. यानंतर 'फ्लोटर' पॉलिसी रूढ झाली: एकच रक्कम, सारे कुटुंब तिच्यातून खर्च करणार. अर्थशास्त्राच्या भाषेत कुटुंबाला एकत्र विमा देण्यामागे 'प्रतिकूल निवड' टाळण्याचा हेतू असतो. केवळ आजारी माणसेच विमा घेऊ लागली तर हप्ता वाढतो, हप्ता वाढला की निरोगी माणसे बाहेर पडतात, आणि शेवटी विमाच टिकत नाही. सारे घर एकत्र आले की ही अडचण कमी होते. पण फ्लोटरचा हप्ता सामान्यतः सर्वांत वयस्क सदस्याच्या वयावर ठरतो. परिणामी सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंब काय करते? हप्ता परवडावा म्हणून आईवडिलांना पॉलिसीतून वेगळे काढते. नोएडा, गुरुग्रामच्या कितीतरी घरांत एकाच छताखाली तीन पिढ्या राहतात आणि विमा दोनच पिढ्यांचा असतो.

अलीकडच्या सुधारणांचा रोख बराचसा या वगळलेल्या ज्येष्ठांकडे आहे. २०२४ च्या नियमांनी नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची प्रचलित वयोमर्यादा दूर केली, आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला, आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, दावा नाकारता येणार नाही असे ठरवले. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता प्राधिकरणाशी विचारविनिमय केल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये असा निर्देश आला. दार उघडले, हे खरे. परंतु सत्तराव्या वर्षी नव्याने विमा घेणाऱ्याला कंपनी कोणता हप्ता सांगेल, हे त्या उघड्या दाराने ठरत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. वीस हजारांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये कर लागत होता, तो गेला. येथे परीक्षार्थींनी एक बारकावा पाहावा. ही करमाफी आहे, शून्य दर नव्हे. त्यामुळे विमा कंपनीला स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि तो भार मूळ हप्त्यात किती शिरतो यावर ग्राहकाचा खरा लाभ अवलंबून राहतो. नोकरीतून मिळणाऱ्या समूह विम्याला ही माफी लागू नाही.

ज्येष्ठांबाबत शासनाने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आणखी एक पाऊल टाकले. सत्तर वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्नाचा विचार न करता, जन आरोग्य योजनेत घेतले. जी कुटुंबे आधीच योजनेत होती, त्यांच्यातील ज्येष्ठांना पाच लाखांची वेगळी भर मिळाली आणि ती घरातल्या तरुणांशी वाटून घ्यावी लागत नाही. मला या तरतुदीत एक कबुली दिसते. संपूर्ण कुटुंबाला एकच रक्कम दिली की घरात कोणावर आधी खर्च करायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि म्हाताऱ्यांचा क्रम शेवटी लागतो. धोरणाने ज्येष्ठ व्यक्तीला कुटुंबाच्या वाट्यातून बाजूला काढून स्वतंत्र हक्क दिला.

मग या सगळ्याचा परिणाम काय झाला? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तिचे सारे श्रेय विम्याला देणे योग्य नाही. याच काळात शासनाचा थेट आरोग्य खर्चही वाढला, आणि २०२१-२२ हे कोविडचे वर्ष होते. दुसरे असे की आपल्या बहुतेक शासकीय योजना दाखल रुग्णापुरत्या आहेत. जन आरोग्य योजनेत दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च येतो. सोळाव्या दिवशीची मधुमेहाची गोळी कुटुंबाच्या खिशातून येते. विमाकार्ड असलेल्या घरातही महिन्याच्या हिशेबात औषधांची ओळ राहतेच. या बाबतीत कर्मचारी राज्य विमा आणि केंद्र सरकारी आरोग्य योजना या १९५० च्या दशकातील दोन जुन्या योजना नव्या योजनांहून पुढे आहेत, कारण त्यांच्याकडे दवाखाने आहेत आणि औषधे आहेत. दिल्लीतल्या एखाद्या दवाखान्यासमोरची सकाळची रांग पाहून आपण त्यांना नावे ठेवतो. पण ती रांग औषधांसाठी असते, आणि नव्या कार्डाला तशी रांगच नाही.

ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख मी आरंभी केला, तो बरा झाला. पुढच्याच महिन्यात त्याने स्वतःच्या नावाने पॉलिसी घेतली. वडिलांच्या पॉलिसीतील अकरा वर्षांची सलगता त्याला मिळू शकली असती. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करून स्वतंत्र पॉलिसीकडे जायला हवे होते. ती मुदत टळून गेली होती, म्हणून त्याचा प्रतीक्षा कालावधी पहिल्या दिवसापासून सुरू झाला. आज घरी दूरध्वनी कराल तेव्हा पॉलिसीवर कोणाकोणाची नावे आहेत आणि नूतनीकरणाची तारीख कोणती, एवढे विचारून घ्या.