डोंगरवाटेची गाडी

काही वर्षांपूर्वी सातपुड्यातील एका तालुक्यात माझी नेमणूक होती. पाड्यांवर जाण्यासाठी एक डोंगरी गाडी घ्यावयाची होती. रक्कम मंजूर होती, दरपत्रकेही आली होती. बैठक संपता संपता एक गृहस्थ म्हणाले, 'थोडे थांबू या. पुढल्या वर्षी नवे मॉडेल येते आहे म्हणतात. आखूडही आहे, ऐसपैसही आहे, आणि किमतीलाही बेताचे.' सर्वांना ते पटले. थांबावे म्हणणाऱ्यांत मीही होतो. मार्चअखेर रक्कम परत गेली. पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी, आमचे चुकले कोठे हे समजण्यासाठी अशी गाडी घडते कशी, ते थोडे पाहू.

या जातीच्या गाड्यांची मूळ पुरुष म्हणजे जीप. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराने अशी गाडी मागवली तेव्हा तिचे वजन १,३०० पौंडांच्या आत असावे, अशी अट घातली होती. चारही चाकांना जोर पोचविणारी आणि माणसे व शस्त्रे वाहणारी गाडी तेवढ्या वजनात कोणालाच साधेना. अखेर मर्यादा २,१६० पौंडांवर न्यावी लागली. विलिस कंपनीचे इंजिन दमदार, पण जड होते. ते सोडावयाचे नाही म्हणून त्यांच्या इंजिनियरांनी बोल्टांची जादा लांबी छाटली, रंगाचा थर पातळ केला आणि वजन काट्यावर बसवले, असे सांगतात. अशा गाडीच्या रचनेचे सारे मर्म या गोष्टीत आहे. येथे फुकट काही मिळत नाही. एक हवे तर दुसरे मोजून द्यावे लागते.

लांबीचेच पाहा. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर वाढले, की आत बसावयास जागा होते आणि सडकेवर गाडी स्थिर चालते. पण तीच गाडी एखाद्या उंच बांधावर चढली, की पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट मधोमध टेकलेले, अशी तिची अवस्था होते. तीन दारांच्या जिम्नीमध्ये हे अंतर २,२५० मिलिमीटर आहे. भारतात जानेवारी २०२३ मध्ये जी जिम्नी दाखविली गेली ती पाच दारांची. तिच्यात ते २,५९० मिलिमीटर झाले. पोट न टेकता गाडी जो उंचवटा ओलांडू शकते, त्याचा कोन त्यामुळे २८ अंशांवरून २४ अंशांवर आला. मागे बसणाऱ्यांच्या सोयीसाठी हे चार अंश मोजावे लागले. ज्याला कुटुंब घेऊन प्रवास करावयाचा आहे, त्याला हा सौदा स्वस्त वाटेल. ज्याला रोज नाले ओलांडावयाचे आहेत, त्याला महाग.

चाकांच्या जोडणीचेही तसेच. दोन चाकांना जोडणारा अखंड आस असला, तर एक चाक दगडावर चढताना दुसरे खाली दाबले जाते आणि जमिनीची पकड सुटत नाही. मात्र हीच गाडी सडकेवर हिसके देते आणि वळणावर डुलते. प्रत्येक चाक स्वतंत्र टांगले, तर प्रवास सुखाचा होतो; पण खाचखळग्यांत एखादे चाक लवकर अधांतरी राहते. टायरांचे पाहावे, तर जैसलमेरच्या वाळूत हवा कमी करून पसरट केलेला टायर तरंगत जातो; आसामच्या चिखलात अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला भिडतो. गाडी उंच उचलावी, तर दगड चुकतात, पण उतारावर ती कलंडण्याचे भय वाढते. सर्व ठिकाणी सारखीच उत्तम चालेल अशी गाडी अद्याप कोणी केलेली नाही.

आणि नेमकी तीच गाडी अफवांमध्ये नेहमी असते! पाच दारांच्या थारचे उदाहरण ताजे आहे. ती बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, चित्रविचित्र आवरणात गुंडाळलेल्या गाड्यांची छायाचित्रे रस्तोरस्ती टिपली जात होती. तिचे नाव 'आर्माडा' असणार, असे कित्येकांनी ठरवूनही टाकले होते. १५ ऑगस्ट २०२४ रोजी ती आली ती 'थार रॉक्स' या नावाने. तीन दारांच्या थारपेक्षा तिच्या चाकांमधले अंतर ४०० मिलिमीटरने अधिक होते. म्हणजे तिनेही आपला सौदा केला होताच. अफवांत त्याचा हिशेब कोणी मांडत नव्हते, कारण न बनलेल्या गाडीला वजन नसते, लांबी नसते आणि तिचे पोट कोठेही टेकत नाही. नव्या गाडीची उत्सुकता असण्यात गैर काही नाही. हौशी माणसाने खुशाल वाट पाहावी; त्याचे फार तर एक वर्ष जाते.

आमचे मात्र तसे नव्हते. श्रावणातल्या एका रात्री वरच्या पाड्यावरून निरोप आला, की एक बाई प्रसूतीसाठी अडली आहे. तालुक्यातली आखूड जुनी जीप दुरुस्तीला गेली होती. लांब, ऐसपैस गाडी निघाली आणि नाल्याच्या बांधावर पोट टेकून बसली. चारही चाके चिखल उडवीत फिरत राहिली. शेवटी पाड्यावरच्या चौघांनी बाईला बांबूच्या झोळीत घालून भर पावसात नाल्यापर्यंत आणले. पलीकडे सडकेवर दुसरी गाडी उभी करून तिला दवाखान्यात पोचविले. मायलेकरे सुखरूप राहिली. त्याचे श्रेय त्या चौघांच्या खांद्यांना आहे. आमच्या बैठकीला नाही.

ज्या मॉडेलसाठी आम्ही थांबलो होतो, ते ऐकले होते तसे कधीच आले नाही. आमच्यापुढे आलेल्या दरपत्रकांत मात्र एक साधी, आखूड, हिसके देणारी गाडी होती. तिच्यात रुग्णाला नीट आडवे होता आले नसते, हा आमचा आक्षेपही खराच होता. पण ती नाला ओलांडून गेली असती.

त्यानंतर खरेदीच्या बैठकीत मी दोनच प्रश्न विचारतो. आपली वाट कोणती, आणि त्या वाटेसाठी आपण काय सोडावयास तयार आहोत? या दोहोंची उत्तरे मिळाली, की आज दुकानात उभ्या असलेल्या गाड्यांतून आपली गाडी बहुधा सापडते.