मिग वेल्डिंग: पहिला टाका मारण्याआधी

आज घरच्या गॅरेजमधलं मिग वेल्डिंग. सुरुवातीला ०.८ मिमी वायर आणि ३ मिमी जाडीची साधी लोखंडी पट्टी घ्या. गंज, रंग ग्राइंडरने काढा. अर्थचा क्लॅम्पही साफ लोखंडावरच लावा. कढईत भजी तळल्यासारखा सलग आवाज आला, की सेटिंग जमलं. वायर टॉर्चला मागे ढकलतेय? मग वायरचा वेग कमी करा. दार उघडं ठेवा, पण पंखा थेट जोडावर नको. गॅस उडतो आणि जोडात भोकं पडतात.

आणि जीआय पाइपला हात लावू नका. त्यावरच्या जस्ताच्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप भरू शकतो. हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे हवेतच. काम संपलं तरी अर्धा तास तिथेच थांबा. ठिणगी कोपऱ्यात दडून नंतर पेट घेते. भेटू पुढच्या भागात!