ठराव लिहून घ्या!

(गडब, तालुका पेण, येथील बैठकीत केलेले भाषण)



आम्ही आज आपणांस उपदेश करावयास आलो नाही; आमचीच एक चूक सांगावयास आलो आहो. आमच्या आळीतील गटाराचे काम तीन पावसाळे अडले. दर वर्षी आम्ही एका बड्या गृहस्थाच्या दारी जात होतो, हार घालत होतो आणि "काम झालेच म्हणून समजा" एवढे शब्द घेऊन परतत होतो. घाण पाण्यातून हंडे वाहिले ते आमच्या बायांनी, तापाने फणफणली ती आमची पोरे. काम का होत नाही म्हणून अखेर दप्तर पाहिले, तेव्हा कळले की आमची मागणी तेथे नव्हतीच! आमच्यापैकी एकानेही एक ओळ लिहून दिली नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट : दार ओळखा. गावातील गल्ली, गटार, दिवा ही ग्रामपंचायतीची कामे. गडबवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय आहे. त्याच्या मोरीसाठी सरपंचाशी भांडून काय उपयोग? सरकारी खारबांधाला खांड पडली, तर अर्ज खारभूमी खात्याकडे गेला पाहिजे. चुकीच्या दारी उभ्या राहिलेल्यास भीकही मिळत नाही; आणि आपण तर हक्क मागतो आहो.

दुसरी गोष्ट : ग्रामसभेस चला. कायद्याने वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. गणपूर्तीस मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाच-दहा असामी बसून साऱ्या गावाचे ठरवितात. दोष कोणाचा? घरी बसलेल्यांचा! भगिनींनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. पाण्याचे दुःख तुम्ही जाणता, तेव्हा तेथे तुम्हीच बोला.

अर्ज मोघम देऊ नका. गटार कोणाच्या घरापासून कोठवर, लांबी किती, घरे किती, जागा कोणाची, हे लिहा. जागेचा उतारा जोडा. कित्येक मंजूर कामे जागेच्या तंट्यात बुडतात. गावाच्या वार्षिक आराखड्यात काम घातले का, ते विचारा. पैसा कोणत्या सदरातून येणार, तेही विचारा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकी शेकडा 60 भाग पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवला होता. सांडपाण्याचे काम स्वच्छतेत बसते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी मागितले.

तिसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातील महाडने शिकविली आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत, असा बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. 1924 साली महाड म्युनिसिपालिटीनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पण पाण्याला हात लागला का? नाही! 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो बांधवांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्याच वर्षी म्युनिसिपालिटीने आपला ठराव मागे घेतला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागेपर्यंत 1937 साल उजाडले. तेथे प्रश्न माणुसकीचा होता, आपला गटाराचा आहे. बरोबरी आम्ही करीत नाही. पण धडा एकच : ठराव झाला म्हणून झोपू नये.

ठरावाची नक्कल घ्या. अंदाजपत्रक झाले का, तांत्रिक मंजुरी मिळाली का, ठेका कोणास दिला, हे महिन्याच्या महिन्यास पुसा. उत्तर न मिळाल्यास 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. 10 रुपये भरून अर्ज द्या, 30 दिवसांत माहिती देणे अधिकाऱ्यास भाग आहे. काम सुरू झाल्यावर गवंडी, सुतार बांधवांनी वाळू-सिमेंटावर नजर ठेवावी. ती विद्या आपल्या हातात आहे. तेथे कोण फसवील?

तेव्हा आज उठण्यापूर्वी एवढे करा. प्रत्येक आळीने एक काम निवडावे, लिहावे, शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि सर्वांनी सह्या-अंगठे करावेत. अर्ज देताना पोच घ्यावयास विसरू नका. आमचे तीन पावसाळे गेले. तुमचा एकही जाऊ नये.