कोणत्या डोळ्यापुढे अंधारी?



‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ हे वाक्य मराठी मुलखातल्या ओपीडीत रोज ऐकू येतं. सकाळपासून उपाशी असलेली, उन्हातून चालत आलेली बाई ते म्हणते. रक्तदाबाची गोळी चुकलेले आजोबा तेच म्हणतात. आणि ज्याच्या एका डोळ्याची धमनी दहा मिनिटं बंद पडून पुन्हा मोकळी झाली, त्याच्याही तोंडी हेच शब्द येतात. तिघांच्याही केसपेपरवर ‘चक्कर’ उतरते. पहिल्या दोघांचं त्यानं बहुधा निभावतं, तिसऱ्याचं निभावत नाही. एक डोळा हातानं झाकून पाहिला होता का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आजचा विषय डोळ्याच्या झटक्याचा आणि आजाराची नोंद करताना त्याला मिळणाऱ्या संकेतांकाचा, म्हणजे कोडचा आहे. हा झटका वैद्यकाला नवा नाही. हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र जगापुढे ठेवलं आणि आठच वर्षांत, १८५९ मध्ये, बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफ यांनी दृष्टिपटलाच्या मुख्य धमनीत गुठळी अडकल्याचं वर्णन लिहिलं. त्यांच्या रुग्णाच्या हृदयाच्या आतल्या अस्तराला सूज होती. म्हणजे आजार हृदयात होता आणि दिसला डोळ्यात. ही गोष्ट दीडशे वर्षांहून अधिक काळ माहीत असूनही संकेतांकांच्या पुस्तकात हा आजार आजही डोळ्यांच्याच प्रकरणात राहतो.

पंजाबात जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात हयात घालवलेले सोहन सिंग हेरेह यांनी माकडांवर प्रयोग करून घड्याळ लावून दाखवलं. धमनी सुमारे ९७ मिनिटं बंद राहिली तरी दृष्टिपटल सावरलं. २४० मिनिटांनंतर मात्र कायमचं मोठं नुकसान झालेलं होतं. दीड तास आणि चार तास, एवढ्यातच सगळा खेळ. आपल्याकडे तेवढा वेळ ‘मोतीबिंदू असेल, सोमवारी दाखवू’ म्हणण्यात जातो, कारण डोळा दुखत नाही.

२०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशननं स्ट्रोकची व्याख्या नव्यानं मांडली. रक्तपुरवठा तुटून मेंदू, मज्जारज्जू किंवा दृष्टिपटल यांतल्या पेशी मेल्या, तर तो स्ट्रोक. दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, हे गर्भविज्ञान आधीपासून सांगत होतं; आता ते व्याख्येत आलं. अशा रुग्णाला तडक स्ट्रोक केंद्रात पाठवावं, असं अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही सांगते. गेलेली नजर परत आणणारा निर्विवाद उपाय अजून हाती नाही. तरीही घाई करायची, कारण त्याच वाटेनं पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते आणि तो धोका सुरुवातीच्या दिवसांतच सर्वाधिक असतो.

आता पुस्तक उघडू. पुणे, नवी मुंबई, नागपूर इथे बसून अमेरिकी रुग्णालयांचे चार्ट कोड करणाऱ्यांना आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची आयसीडी-१०-सीएम ही अमेरिकी आवृत्ती तोंडपाठ असते. १ ऑक्टोबर २०१५ पासून ती तिथे लागू आहे. दृष्टिपटलाची मुख्य धमनी उजव्या डोळ्यात बंद पडली तर एच३४.११, डाव्या डोळ्यात एच३४.१२. तिची फांदी बंद असेल तर एच३४.२३ चा गट, मुख्य शीर तुंबली तर एच३४.८१. ऑप्टिक नर्व्हचाच रक्तपुरवठा तुटला तर एच४७.०१, म्हणजे वेगळंच घर. रुग्ण या सगळ्यांना ‘डोळ्याचा झटका’ म्हणतो आणि कधी कधी घाईत डॉक्टरही तेवढंच लिहितात. कोडरनं सूचीत ‘स्ट्रोक’ शोधला, तर बोट आय६३.९ वर, मेंदूच्या झटक्यावर जाऊन थांबतं. अशा वेळी अंदाज न बांधता डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलाशाची विचारणा पाठवणारा कोडर रुग्णाची सेवाच करत असतो. उत्पादकतेच्या तक्त्यात ती क्वेरी खोळंबा म्हणून धरली जाते, हे दुःखद आहे.

पुस्तकातल्या विसंगती कोडरइतक्या जवळून कुणी पाहत नाही. डोळ्यापुढे काही मिनिटं काळा पडदा येऊन गेला, तर त्या निदानाला जी४५.३ मिळतो. हे मज्जासंस्थेचं प्रकरण, मेंदूच्या क्षणिक झटक्यांच्या शेजारचं. तोच पडदा उठलाच नाही आणि दृष्टिपटल मेलं, तर संकेतांक डोळ्यांच्या प्रकरणात परततो. क्षणिक त्रास मेंदूचा आणि कायमचा मात्र डोळ्याचा!

‘संभाव्य’ या शब्दाचंही तसंच. अमेरिकी नियमांनुसार ओपीडीत डॉक्टरांनी ‘धमनी बंद असण्याची शक्यता’ लिहिलं, तर ते निदान कोड करता येत नाही, एच५३.१३, म्हणजे अचानक दृष्टी जाणं, हे लक्षण लिहावं लागतं. तेच शब्द दाखल रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत आले, तर निदान पक्कं धरून कोड होतं.

सगळ्यात खोल खड्डा मात्र काळाचा आहे. शिरेच्या अडथळ्याला सातवा अंक असतो: मॅक्युलाला, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाला सूज आहे, नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, की स्थिर, जुना आजार आहे. २०१६ च्या ऑक्टोबरपासून ही सोय झाली. धमनीच्या अडथळ्याला ती नाही. आज पहाटे डोळा गेलेला रुग्ण आणि पाच वर्षांपूर्वी डोळा गमावून चष्म्याचा नंबर तपासायला आलेला रुग्ण, दोघांच्याही नावापुढे एच३४.११ लागू शकतो. मेंदूच्या झटक्याच्या मागे राहिलेल्या परिणामांसाठी आय६९ आहे, पण त्याचं दार फक्त आय६० ते आय६७ साठी उघडतं. मग या संकेतांकांच्या ढिगातून ‘दर वर्षी नवे रुग्ण किती’ हे शोधणारा संशोधक चाचपडणार नाही तर काय करेल?

पैशाची वाट संकेतांकामागून जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यानं डोळ्यांच्या आजारांच्या एका देयक-गटाच्या नावातच ‘गुठळी विरघळवणारं औषध’ हे शब्द घातले. औषध स्ट्रोकचं, गट डोळ्याचा. तरीही हे पाऊल पुढचंच आहे, कारण त्या औषधाचा खर्च आता हिशेबात दिसतो.

उलटा घोटाळाही होतो: झटका मेंदूचा असतो आणि वाटतो डोळ्याचा. ‘उजव्या डोळ्यानं दिसत नाही’ म्हणणाऱ्याचे दोन्ही डोळे निरोगी असू शकतात. मेंदूच्या मागच्या भागात डावीकडे झटका आला की दोन्ही डोळ्यांतली उजवीकडची अर्धी बाजू जाऊ शकते. त्याचा संकेतांक एच५३.४६, मूळ कारण आय६३. हा फरक एक डोळा झाकून पाहिल्यावर कळतो. आणि उतारवयात डोकेदुखी, जबडा चावताना दुखणं यांसोबत नजर गेली, तर कानशिलाच्या धमनीचा दाह आठवायला हवा. एच४७.०१ सोबत एम३१.६ लिहिला गेला, तरच दुसऱ्या डोळ्यासाठी स्टिरॉइडची घाई का झाली, हे पुढच्या वाचणाऱ्याला उमगेल.

जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिनं मेंदूचा झटका रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून काढून मज्जासंस्थेत नेला. दृष्टिपटलाच्या धमनीला मात्र दृष्टीच्या प्रकरणातच ठेवलं, ९बी७४.० म्हणून. या आवृत्तीत बाजू आणि काळ सांगणारे जोडसंकेत लावण्याची सोय आहे. सोय वापरायची, तर ती माहिती मुळात कागदावर हवी.

म्हणून या सभेच्या दुपारच्या सत्रात एक मराठी केसपेपर चर्चेला येत आहे. त्यावर तीन ओळी वाढवल्या आहेत. अंधारी एका डोळ्यापुढे की दोन्ही? डोळा झाकून पाहिला का? तिसरी ओळ अशी: शेवटचं नीट कधी दिसलं? तिच्यापुढे ‘सकाळी’ किंवा ‘काल’ लिहायचं नाही, घड्याळातली वेळ लिहायची आहे.