स्पर्धेला पाठविलेला फोटो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फोटोच्या स्पर्धांविषयी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी घरसंसार सांभाळून फोटो काढणारी एक हौशी बाई. भाषण करण्याइतकी माझी तयारी कुठली? पण चिटणीसबाई हसून म्हणाल्या, "बक्षिसांचे राहू द्या, काय काय चुकले ते सांगा." ते मात्र माझ्याजवळ भरपूर आहे. म्हणून उभी राहिले.

माझ्या आजीचा एकच फोटो आमच्या घरी आहे. तोही एका लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात दिसतो. तो कुणाचा, हे सांगणारे आज कोणी उरले नाही. तिच्याही आधीच्या काळात, १८९२ साली, छायाचित्रकार दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईकडे सोपविला होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. पण त्या स्टुडिओची पायरी चढण्याचे भाग्य बड्या घरच्या बायकांचे. खुरपे घेऊन शेतात जाणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांचा फोटो कोण काढणार?

बायकांनी स्वतः फोटो काढणे तर त्याहून अवघड. होमाई व्यारावाला यांना आपण देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखतो; २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून येत ते त्यांच्या यजमानांच्या नावाने! काशीजवळच्या रामनगरात मनोबीना आणि देबलीना या जुळ्या बहिणी होत्या. बारा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना कॅमेरे घेऊन दिले. मनोबीना पुढे चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी झाल्या. पण संसारात पडल्या म्हणून त्यांचा कॅमेरा सुटला नाही. हौशी म्हणजे कच्चे, असे आपण उगीच समजतो. हौस ही पोटासाठी नसते, म्हणून तिला घाई नसते.

माझी घाई मात्र पहिल्याच स्पर्धेत उघडी पडली. होळीच्या सुमारास आपल्या नांदेडात गुरुद्वाऱ्याची हल्लाबोल मिरवणूक निघते, ती आपण सगळ्याच पाहतो. उन्हात दोन तास उभी राहून मी घोडे, निशाणे, उडालेली धूळ असा फोटो घेतला आणि मोठ्या आशेने पाठविला. निवड झाली नाही. मला फार वाईट वाटले. एका जाणत्या छायाचित्रकारांना तो दाखविला. ते म्हणाले, "ताई, घोड्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे, तो तुम्ही पाहिलात का?" मी पाहिलाच नव्हता! मी घोडा पाहत होते, कॅमेरा मात्र सगळेच पाहत होता. परीक्षकांसमोर शेकडो फोटो असतात. एकेका फोटोच्या वाट्याला काही क्षणच येतात. तुम्ही किती ऊन सोसले हे त्यांना ठाऊक नसते. त्यांना खांब दिसतो.

आता दुसरी चूक सांगते. ती खांबाची नव्हती, आणि ती सांगायला मला आजही जड जाते.

माझे माहेर लातूरचे. २०१६ चा उन्हाळा तुम्हा कुणालाच विसरता येणार नाही. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याच दिवसांत मी आईकडे गेले होते. पहाटे गच्चीवर उभी राहिले तो खाली टँकरची वाट पाहणारी घागरींची लांबच लांब रांग. रांगेत शेजारच्या मावशी पालथ्या घातलेल्या घागरीवर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. पहाटेचा कोवळा उजेड, मागे स्टीलच्या हंड्यांची ओळ. खांब कुठेही नव्हता. मी फोटो घेतला.

तो एका स्पर्धेत दुसरा आला आणि वर्तमानपत्रात छापला गेला. आम्ही घरी पेढे वाटले. पुढच्या खेपेस आईकडे गेले तेव्हा मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी हौसेने जवळ गेले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पोरी, काढलास ते काढलास. पर आधी सांगितलं असतंस तर डोक्यावर पदर तरी घेतला असता की."

भगिनींनो, त्या क्षणी ते बक्षीस मला हातात धरवेना. जन्मभर ज्यांचा पदर डोक्यावरून ढळला नाही, त्यांना मी थकल्या-झोपल्या अवस्थेत गावभर दाखविले होते. दुष्काळ जगापुढे यावा हे खरेच. पण ती तहान त्यांची होती आणि बक्षीस मी घेऊन आले होते. मी त्यांना ओळखत होते, हाकेच्या अंतरावर होते. तरी विचारले नाही, कारण विचारले तर त्या जाग्या होतील आणि फोटो जाईल, एवढाच माझा विचार.

मी क्षमा मागितली. मावशी म्हणाल्या, "मग आता नीट काढ." त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस जोराचा पाऊस झाला, मांजरा धरण भरले. मी मुद्दाम लातूरला गेले. मावशींनी ठेवणीतले इरकली लुगडे नेसले, डोक्यावर पदर घेतला आणि काठोकाठ भरलेल्या घागरीशेजारी ताठ बसल्या. तो फोटोही मी त्यांना विचारून एका स्पर्धेला पाठविला. निवड झाली नाही. पण आज मावशींच्या घरात तो भिंतीवर आहे, वर्तमानपत्रातला नाही.

आता ज्यांना स्पर्धेत भाग घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे थोडे बोल. महागडा कॅमेरा नाही म्हणून अडू नका. पुष्कळ स्पर्धांत आज मोबाईलवरचे फोटोही घेतात. आपल्याकडचे दुपारचे ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते; त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळचा उजेड, नाही तर ओसरीतली सावली बरी. बटण दाबण्याआधी चौकटीचे चारी कोपरे पाहा. नियमपत्रिका लग्नाच्या याद्या वाचतो तशी बारकाईने वाचा. निसर्गविभागात माणूस किंवा माणसाने केलेली वस्तू बहुधा चालत नाही, आणि चित्रात मागाहून काही घालणे-पुसणे तर मुळीच नाही. मूळ फोटो जपून ठेवा. तो केव्हाही मागतात. प्रवेश फी किती, आणि फोटोचे हक्क कुणाकडे राहतात, हे आधी पाहा. काही ठिकाणी नुसता फोटो पाठविला की तो कुठेही वापरण्याची मुभा आपण देऊन बसतो. दुसऱ्याच्या चेहऱ्याची मुभा अशी परस्पर देण्याचा आपल्याला काय अधिकार?

आणि निवड झाली नाही तर तो फोटो पंधरा दिवसांनी पुन्हा काढून पाहा. आपला खांब आपल्यालाच दिसतो. पराभवाचा एवढा फायदा मला कोणत्याही बक्षिसाने दिला नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्धापनदिनी आपणही एक छोटे प्रदर्शन भरवू या. प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईचा एक फोटो काढावा. तिला विचारून, तिला हवा तसा पदर घेऊ देऊन. मागे तिचे पूर्ण नाव, गाव आणि साल लिहावे. एक प्रत मंडळाला, आणि पहिली प्रत तिला. क्रमांक काढलेच पाहिजेत असे नाही. काढले तर परीक्षक म्हणून त्या वडीलधाऱ्या बायकांनाच बसवू!

म्हणजे निदान आपल्या नातींना तरी, खांद्यावरचा हात कुणाचा, असे विचारत बसावे लागणार नाही.