मालकीचे रान आणि तोडीची पद्धत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कळंबोली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर, किंचित विस्तारासह)



लोखंडाच्या बाजारपेठेशेजारी उभे राहून लाकडाविषयी बोलावयाचे, हा प्रसंग थोडा विनोदीच आहे. कळंबोली या नावात कळंब वृक्षाचा भास होतो. त्या व्युत्पत्तीचा निर्वाळा आम्ही देत नाही, परंतु आज या गावात कळंब शोधावयाचा म्हटले तर ट्रकांच्या रांगा ओलांडूनच शोधावा लागेल. ते असो. विषय निवडण्याचे कारण निराळे आहे. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनात आली आणि आपल्यापैकी अनेकांची भातशेती व मिठागरे गेली. त्या जमिनीचे काय करावे हे आपणांस कोणी विचारले नाही. मात्र आपल्यातील काही घरांची, आजोळच्या वाट्याने म्हणा वा जुन्या खरेदीने म्हणा, कर्जत, खालापूर, पेण, सुधागड या बाजूंस चार-आठ एकरांची रानमाळे अद्याप उरली आहेत. त्यांचे काय करावे हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे, आणि गेल्या दोन वर्षांत निदान पाच कुटुंबांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला : व्यापारी सगळे रान उक्ते मागतो आहे, देऊन टाकावे काय?

उत्तर देण्यापूर्वी आमच्या घरची हकीकत सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. कर्जत तालुक्यात आमचे नऊ एकर रान होते. १९८३ साली थोरल्या बहिणीचे लग्न आणि घराचे बांधकाम एकाच वर्षी आले, तेव्हा वडिलांनी त्यांपैकी पाच एकर एका ठेकेदारास उभे विकले. त्यांस दोष देण्याची आमची प्राज्ञा नाही. त्या वेळी दुसरे साधन नव्हते. ठेकेदाराची माणसे आली आणि होळीपूर्वी पाचही एकर साफ केले. वाकून तोडण्याचा कंटाळा म्हणून खुंट कमरेइतके उंच ठेवले, बोथट कुऱ्हाडींनी त्यांची साल फाटली. चैत्रात वणवा शिरला. पुढच्या पावसात गुरे मोकळी सुटली. आज तेथे घाणेरी आहे, रानमोडी आहे, आणि प्रत्येक सागाच्या खुंटावर सहा-सात वाकडे फुटवे एकमेकांशी भांडत उभे आहेत. खालच्या ओढ्यास पूर्वी माघापर्यंत पाणी असे. आता ते दिवाळीस आटते. उरलेले चार एकर वाचले, ते आमच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. हद्दीवरून चुलत्यांशी वाद चालू होता आणि ठेकेदारास वादातले रान नको होते. भाऊबंदकीने कधी काळी कोणाचे भले केले असेल, तर ते हे!

आता प्रश्न त्या चार एकरांचा होता. पुतण्यास पुढील शिक्षणासाठी पैसा हवा होता आणि व्यापारी दारात होता. तेव्हा आम्ही प्रथम पुस्तके, मग वनखात्यातील जाणकार आणि शेवटी प्रत्यक्ष रान, अशा क्रमाने चौकशी केली. क्रम उलटा असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

झाड तोडूच नये असे आमचे म्हणणे नाही. आपले वाडवडील रानावरच जगले. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडात, भातखाचरासोबत वरकस जमीन असे. तिच्यावरील ऐनाच्या फांद्या छाटून त्यांचा राब भाजल्याशिवाय रोपवाटिका होत नसे. या राबाच्या हक्कावरून गेल्याच्या मागील शतकात इतका असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी वन-आयोग नेमावा लागला. फांदी छाटावी पण शेंडा राखावा, एका वर्षी छाटलेल्या झाडास पुढे विसावा द्यावा, हे त्या लोकांस शिकवावे लागले नव्हते. त्याहून मागे जाऊन रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र पाहावे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाची चर्चा आहे. रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावे, असा त्यातील आशय आहे. योगायोग असा की त्याच सुमारास, १७१३ साली, जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात कार्लोविट्झ नामक खाण-अधिकाऱ्याने वनविद्येवर ग्रंथ लिहिला. चांदीच्या खाणींना व भट्ट्यांना लाकूड पुरेना, म्हणून जितके वाढेल तितकेच तोडावे हा विचार त्याने मांडला. एकास जहाजांची चिंता होती, दुसऱ्यास चांदीची.

आता पद्धतींकडे वळू. वनशास्त्रात त्या अनेक आहेत, परंतु चार-आठ एकरांच्या मालकास तिघींचीच ओळख पुरे. पहिली साफ तोड : सर्व एकदम कापावयाचे आणि नव्याने लागवड करावयाची. सरकारी सागाच्या लागवडीत ती चालते, कारण तेथे रोपवाटिका, कुंपण व राखणदार असतात. आपल्या उतारावरच्या रानात लागवडीची केवळ आश्वासने असतात. दुसरी निवड तोड : ठराविक घेरावरील मोजकीच झाडे निवडून काढावयाची व बाकीची वाढू द्यावयाची. तिसरी खुंटफुटीची तोड : रानाचे लहान तुकडे, म्हणजे कूप, पाडून एकेक तुकडा क्रमाने जमिनीलगत कापावयाचा, त्यात काही सरळ झाडे बीजासाठी व मोठ्या लाकडासाठी राखावयाची आणि खुंटांवरचे फुटवे जोपासावयाचे.

ऐकताना निवड तोड सर्वांत सात्त्विक वाटते. आम्हांसही वाटली होती. पण तीत एक मोठी खोच आहे. व्यापाऱ्यास निवड करू दिली तर तो सरळसोट तेवढी नेतो आणि वाकडी, पोकळ, खुरटलेली मागे ठेवतो. दोन फेऱ्यांत रानाची जातच उतरते, कारण बी पडते ते उरलेल्यांचे. म्हणून झाडांवर खूण करणारा हात मालकाचा असावा. दुसरे असे की सागास ऊन हवे. दाट सावलीत एखादाच साग काढला तर त्याच्या जागी सागाचे पोर वाढत नाही. ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या मिश्र रानात निवड तोड शोभते. सपाटीवरील सागाच्या पट्ट्यास खुंटफूट अधिक मानवते. एकाच मालकाच्या चार एकरांतही एकच पद्धत लावावी असे नाही.

खुंटफुटीचे यश तोडीच्या दिवशी ठरते. खुंट वितीहून उंच नसावा. माथा किंचित उतरता असावा म्हणजे पाणी साचत नाही. हत्यार धारदार असावे व साल लाकडापासून सुटू नये. पाने गळू लागल्यापासून नवी पालवी येण्यापूर्वी, साधारण मार्गशीर्ष ते माघ या काळात काम उरकावे. दोन पावसाळे फुटवे मोकळे वाढू द्यावेत, तिसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर एक किंवा दोन जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. पहिली चार-पाच वर्षे त्या तुकड्यात गुरे घालू नयेत आणि दर वर्षी होळीपूर्वी भोवताली जाळरेषा काढावी. आमच्या १९८३ च्या तोडीत यांपैकी एकही गोष्ट झाली नव्हती, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

आता हिशेब, कारण घरात अखेर तोच चालतो. गोल लाकूड मोजण्याची जुनी रीत अशी : घेराचा चौथा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा व लांबीने गुणावे. दहा फूट लांबीच्या ओंडक्याचा मध्यावरील घेर २४ इंच असेल तर चौथा भाग ६ इंच, आणि लाकूड अडीच घनफूट. घेर ४८ इंच असेल तर चौथा भाग १२ इंच, म्हणजे एक फूट, आणि लाकूड १० घनफूट. घेर दुप्पट, लाकूड चौपट; शिवाय जाड लाकडास घनफुटामागे दरही चढा. जो मालक २४ इंचांचे झाड आज विकतो तो व्यापाऱ्यास कैरीच्या भावात आंबा देतो. आमच्या दारी आलेल्या गृहस्थांनी सांगितलेली उक्ती रक्कम ऐकण्यास भरघोस होती. आम्ही दोन रविवार फीत घेऊन रानात हिंडलो, प्रत्येक मोठे झाड वहीत घेतले आणि त्या रकमेस घनफुटांनी भागले. निघालेला दर वखारीतील दराच्या जवळपासही नव्हता. त्या गृहस्थांनी फसविले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी डोळ्यांनी मोजले आणि आम्ही मोजलेच नव्हते. आदिवासी बांधवांच्या मालकी झाडांची अशीच लूट होत असे, म्हणून १९६९ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा होऊन ती विक्री जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावी असे ठरले. आपणांस तसे संरक्षण नाही. आपली फीत हेच आपले संरक्षण.

कायद्याविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. ‘रान माझे, झाड माझे, मला कोण विचारतो?’ ही भाषा सोडावी. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाने साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ इत्यादी अनुसूचित झाडांस, ती खासगी जमिनीत असली तरी, परवानगीवाचून कुऱ्हाड लावता येत नाही. १९७५ च्या खासगी वने संपादन अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ पासून पुष्कळ मालकी राने शासनाकडे गेली. १२ हेक्टरांच्या आतील धारकांस ती परत मिळण्याची तरतूद पुढे झाली. म्हणून व्यापाऱ्याशी बोलण्याआधी सातबारा व फेरफार काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात वनाची नोंद आहे काय ते वाचावे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात तर मालकी कोणाचीही असो, वन ते वनच, असा अर्थ लावला. माथेरानच्या परिसरात २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत, आणि त्यात कर्जत, खालापूर व पनवेलकडील काही भाग येतो. हे सारे त्रासाचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वाहतुकीच्या पासाशिवाय नाक्यावर अडकलेला लाकडाचा ट्रक हा त्याहून मोठा त्रास आहे.

रान म्हणजे केवळ घनफूट नव्हेत, याचीही दखल घ्यावी. ओढ्याच्या दोन्ही काठांवर काही तोडूच नये. ओंडके ओढण्यासाठी उतारावर जेसीबीने रस्ता काढू नये. तोडीपेक्षा त्या रस्त्याने अधिक माती वाहते, आणि ती माती खाली येते. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी पनवेलच्या खाडीस मिळते. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की सखल वस्त्यांत पाणी कसे तुंबते हे आपणांस सांगावयास नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. तिची कारणे भूशास्त्रज्ञांनी सांगावीत, आम्ही तोडीशी तिचा संबंध जोडीत नाही. मात्र त्या दिवसापासून उताराकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली आहे. पोकळ बेहडा निरुपयोगी म्हणून काढू नये. धनेश पक्षी त्याच ढोलीत घरटे करतो, आणि उत्तर सह्याद्रीत हिरड्या-बेहड्याच्या फळांस फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळून ती परदेशी औषधी व्यवसायात गेली आहेत. फळे विकणारे झाड दर वर्षी विकते. रानालगतच्या कातकरी वाडीचा सरपणाचा व मोहाचा वहिवाटीचा वावर मोडू नये. तोडीची मजुरी त्यांसच द्यावी आणि रोख द्यावी. आमच्या रानातील वणवा गेली तीन वर्षे विझविला तो त्यांनीच, आम्ही येथे निजलेले असताना.

अखेर आमच्या घरी काय ठरले? ओढ्याकाठचा अर्धा एकर वगळला. उतारावरील अडीच एकरांत चार फुटांवर घेराची ४१ झाडे भरली. त्यांतील १४ खुणेसाठी निवडली, आणि त्यांत मुद्दाम काही वाकडीही घेतली. सपाटीच्या एक एकर सागाचे दहा-दहा गुंठ्यांचे चार कूप केले. दर दहा वर्षांनी एक कापावयाचा, म्हणजे पहिल्याची पाळी पुन्हा चाळीस वर्षांनी येईल. तेव्हा आम्ही नसू. पुतण्या त्या वेळी आमच्याहून वयस्क असेल. येणारी रक्कम व्यापाऱ्याने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी भरेल असा अंदाज आहे. शिक्षणाचा उरलेला खर्च कर्जाने भागवावा लागला. पुतण्याची आई आमच्यावर अद्याप थोडी रुष्ट आहे आणि तिचा रोष अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. कर्जाचा हप्ता दरमहा येतो, साग दरमहा येत नाही.

परवानगीचा अर्ज दिला आहे. तो मंजूर झाल्यास पौषात पहिल्या कुपाची तोड होईल. तत्पूर्वी, मार्गशीर्षातील पहिल्या रविवारी, झाडे कशी मोजावी व खूण कशी करावी हे पाहण्यासाठी ज्या कुटुंबांस यावयाचे असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. फीत आम्ही आणू. आपापला सातबारा, दुपारची भाकरी आणि पायांत जाड वहाणा घेऊन यावे. घाणेरीचे काटे पाच एकरभर आहेत आणि वाट त्यांतूनच जाते.