गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांतले प्रेम आणि साहस

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म 1916 साली परतवाड्यात झाला. गडकोट पायी पालथे घालणाऱ्या या लेखकाने प्रेमकथाही तितक्याच ताकदीने लिहिल्या. ‘शितू’मध्ये कोकणातल्या बालविधवेची अबोल, हुरहूर लावणारी प्रीत आहे.

प्रेम आणि साहस यांचा खरा मिलाफ मात्र ‘जैत रे जैत’मध्ये होतो. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरवाडीत भगताचा मुलगा नाग्या वाढतो. लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाश्यांच्या हल्ल्यात त्याचा डोळा जातो आणि राणीमाशीचा सूड घेण्याचा ध्यास त्याला लागतो. नको असलेला नवरा सोडून आलेली चिंधी नाग्याच्या पाठीशी उभी राहते. तिचे प्रेम गोड बोलण्यातून नव्हे, तर या जिवावरच्या कामातल्या सोबतीतून उलगडते, आणि म्हणूनच ते खरे वाटते. अखेर नाग्या जिंकतो, पण चिंधी वाचत नाही.

जब्बार पटेल यांनी 1977 साली या कादंबरीवर चित्रपट केला. त्यातली गाणी ना. धों. महानोरांची, तर संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आहे.